गंजावे, पण वेळेवर

कोकणात हाड मोडण्याची कारणे बरीचशी ऋतूप्रमाणे येतात. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्यांवरून पाय घसरतो, आंब्याच्या दिवसांत कलमावरून माणसे पडतात, माड-पोफळीवरून वर्षभर पडतात, आणि महामार्गावरच्या अपघातांना तर ऋतूच लागत नाही. मोड साधी असेल तर प्लास्टरवर भागते; तुकडे सरकलेले असतील किंवा मोड सांध्याजवळ असेल, तर ‘प्लेट टाकावी लागेल’ किंवा ‘स्क्रू मारावे लागतील’ असे डॉक्टर सांगतात. ही प्लेट आणि हे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात. दोन-तीन महिन्यांत हाड जुळून येते आणि धातूचे काम संपते, पण धातू मात्र जिथल्या तिथे राहतो.

तो काढलाच पाहिजे असे नाही. प्रौढ माणसाला त्रास होत नसेल, तर बहुतेक वेळा प्लेट आतच राहू दिली जाते, आणि त्यात काही वावगे नाही. अडचण येते ती ठरावीक ठिकाणी. वाढत्या वयाच्या मुलांत हाड वाढते आणि धातू वाढत नाही. घोट्याजवळ कातडीखाली मांस जवळजवळ नसते, त्यामुळे स्क्रूचे डोके चपलेच्या पट्ट्याला टोचत राहते. कधी जंतुसंसर्ग होतो. अशा वेळी पुन्हा भूल, पुन्हा चिरा, पुन्हा टाके. त्यात सिंधुदुर्गातल्या माणसाला पुष्कळदा गोव्यातले बांबोळी किंवा कोल्हापूर गाठावे लागते आणि रत्नागिरीकराला कोल्हापूर नाहीतर मुंबई. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च रुग्णालयाच्या बिलाइतकाच प्रवासाचा, बुडालेल्या रोजंदारीचा आणि सोबतीला थांबणाऱ्या माणसाचाही असतो. हाड जुळेपर्यंत टिकणारा आणि नंतर शरीरातच विरघळून जाणारा धातू मिळाला, तर हे सगळे टळेल, या विचाराने गेली काही दशके जगभरच्या प्रयोगशाळांत काम चालू आहे.

धातू विरघळतो यात किनाऱ्यावर राहणाऱ्याला नवल वाटणार नाही. खारे वारे आणि खारे पाणी यांच्यापुढे लोखंड किती टिकते, हे इथे खिडकीच्या गजांपासून सायकलच्या साखळीपर्यंत सगळीकडे दिसते. शरीरातले पाणीही खारेच आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 550 मिलिमोल क्लोराइड असते, तर रक्तद्रवात सुमारे 100. म्हणजे रक्त समुद्राच्या पाचव्या हिश्शाइतके खारे आहे, आणि वर ते 37 अंशांवर सतत वाहते आहे. धातूला विरघळवणे अवघड नाहीच. अवघड आहे ते विरघळण्याचे वेळापत्रक पाळायला लावणे: पहिले तीन महिने जवळजवळ झिजू नये, पुढच्या वर्ष-दोन वर्षांत पूर्ण संपावे, आणि संपताना शरीराला एका वेळी सोसवेल त्यापेक्षा जास्त काही सोडू नये. या विषयातले सगळे संशोधन या एका अटीभोवती फिरते.

शरीरात विरघळायचे म्हणजे विरघळलेले पदार्थ शरीराला ओळखीचे हवेत. या चाळणीतून मुख्यतः तीन धातू उरतात: मॅग्नेशियम, जस्त आणि लोखंड. तिन्ही आपल्या आहारात असतात. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असते, त्यातले निम्म्याहून अधिक हाडांतच साठलेले. रोजची गरज साधारण 300 ते 400 मिलिग्रॅमची असते आणि जास्तीचे मॅग्नेशियम निरोगी मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. लोखंड शरीरात साधारण चार ग्रॅम आणि जस्त दोन-तीन ग्रॅम असते. मॅग्नेशियमची ओळख कोकणात मिठाच्या बरणीतूनही आहे. शिरोड्यासारख्या मिठागरात मीठ उतरल्यावर खाली राहणारे कडसर पाणी मॅग्नेशियमच्या क्षारांनी भरलेले असते, आणि जाड्या मिठाला पावसाळ्यात जे पाणी सुटते, ते प्रामुख्याने त्यात राहिलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे.

मॅग्नेशियमला पहिली पसंती मिळण्याचे आणखी एक कारण त्याच्या ताठरपणात आहे. ताणाखाली वाकायला पदार्थ किती विरोध करतो याचे माप गिगापास्कलमध्ये देतात. हाडाच्या कठीण कवचाचे हे माप साधारण 10 ते 20 च्या दरम्यान येते, मॅग्नेशियमचे 45 च्या आसपास, टायटॅनियमच्या मिश्रधातूचे सुमारे 110 आणि स्टेनलेस स्टीलचे जवळजवळ 200. प्लेट हाडापेक्षा खूपच ताठ असेल, तर चालताना येणारा भार प्लेटच उचलते आणि हाडाच्या वाट्याला काम उरत नाही. हाड ही जिवंत वस्तू आहे. ज्या भागाला काम नाही तो भाग शरीर हळूहळू विरळ करते. मॅग्नेशियम या बाबतीत हाडाच्या बरेच जवळ आहे, शिवाय वजनालाही हलके आहे: एका घनसेंटिमीटरला 1.74 ग्रॅम.

आता त्याची खोड. मॅग्नेशियमचा पाण्याशी संबंध आला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन वायू तयार होतो. हायड्रॉक्साइडचा पातळ थर पृष्ठभागावर बसतो आणि साध्या पाण्यात तो आतल्या धातूला बऱ्यापैकी जपतो, पण क्लोराइड असले की हा थर विरघळणाऱ्या मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये बदलतो, खालचा धातू उघडा पडतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. एक ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण विरघळले, तर शरीराच्या तापमानाला साधारण एक लिटर हायड्रोजन निघतो. साडेतीन मिलिमीटर जाडीचा आणि चार सेंटिमीटर लांबीचा स्क्रू घेतला, तर आट्यांमधली जागा वजा जाता त्याचे वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरेल. त्यातून निघणारा वायू अर्धा लिटर. हा अर्धा लिटर वर्षभरात निघाला, तर दिवसाला दीड मिलिलिटरही होत नाही आणि आजूबाजूच्या ऊती तो शोषून रक्तावाटे वाहून नेतात. तोच आठ दिवसांत निघाला, तर दिवसाला साठ मिलिलिटर होतो, आणि मग कातडीखाली फुगे येतात.

आठ दिवसांचा आकडा मी हवेतून काढलेला नाही. मॅग्नेशियमची तार रक्तवाहिनी बांधायला वापरण्याचा प्रयोग एडवर्ड ह्यूस या अमेरिकी डॉक्टरांनी 1878 मध्येच केला होता. पुढे 1906 च्या सुमारास बेल्जियमचे शल्यविशारद आल्बिन लाम्बोत यांनी सतरा वर्षांच्या एका मुलाच्या पायाच्या मोडलेल्या नळीवर मॅग्नेशियमची पट्टी बसवली आणि ती घट्ट धरायला सोन्याचा मुलामा दिलेले पोलादी खिळे ठोकले. पाय सुजला, दुखू लागला, कातडीखाली वायू साठला आणि आठ दिवसांत पट्टीचे तुकडे तुकडे झाले. कल्पना चांगली होती, घात केला तो खिळ्यांनी.

का, हे मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरात चटकन समजते. यांत्रिक नौकेच्या पंख्याजवळ आणि सुकाणूच्या लोखंडी पात्यावर जस्ताचे ठोकळे बसवतात. पावसाळ्यात नौका वर ओढली, की हे ठोकळे खड्डे पडून अर्धेमुर्धे झालेले दिसतात आणि शेजारचे लोखंड मात्र धड असते. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात असले, की त्यांची विजेची घटमाला तयार होते, आणि इलेक्ट्रॉन सोडायला जो जास्त उतावळा असतो तो झिजतो, दुसरा वाचतो. नौकेवर जस्ताचा बळी जाणूनबुजून दिला जातो. लाम्बोत यांच्या पट्टीत तो नकळत गेला: उतावळेपणाप्रमाणे धातूंची यादी लावली, तर मॅग्नेशियम हा तिच्यातला अत्यंत उतावळा धातू आहे, जस्ताहूनही बराच पुढे, आणि त्याला टेकलेले पोलाद आणि सोने यादीच्या दुसऱ्या बाजूचे. आजही हाडांच्या शस्त्रक्रियेत मॅग्नेशियमचा स्क्रू पोलादी किंवा टायटॅनियमच्या प्लेटला टेकू द्यायचा नाही, हा नियम याच कारणासाठी आहे.

नंतरच्या दशकांत काही शल्यविशारदांनी मॅग्नेशियमचा पाठपुरावा केला, पण स्टेनलेस स्टील सुधारत गेले, वायूची कटकट तिथे नव्हती, आणि मॅग्नेशियम जवळजवळ विस्मृतीत गेले. ते परत आले ते धातूशास्त्र पुढे सरकल्यावर, कारण उत्तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर सापडण्यासारखे नव्हते. ते भट्टीत होते.

भट्टीतला पहिला धडा शुद्धतेचा. मॅग्नेशियममध्ये लोखंड, निकेल किंवा तांब्याचे बारीक कण राहिले, तर प्रत्येक कण त्या पोलादी खिळ्याचे काम करतो, म्हणजे धातूच्या पोटातच घटमाला सुरू होते. शुद्ध मॅग्नेशियममध्ये लोखंडाचे प्रमाण दहा लाख भागांत साधारण 170 च्या वर गेले, की झिजण्याचा वेग हळूहळू वाढत नाही, तो एकदम अनेक पटींनी उडी मारतो. निकेलच्या बाबतीत मर्यादा याहूनही कडक आहे. गंमत अशी, की मॅग्नेशियम वितळवायची मूस बहुधा पोलादाचीच असते आणि लोखंड तिथूनच झिरपते. म्हणून रोपणासाठीचे मॅग्नेशियम निर्वातात ऊर्ध्वपातन करून, म्हणजे त्याची वाफ करून पुन्हा गोठवून, शुद्ध करण्यापर्यंत मजल गेली आहे. मँगनीज किंवा झिर्कोनियम चिमूटभर टाकले, तर ते रसातल्या लोखंडाला बांधून तळाशी बसवतात, हाही एक मार्ग आहे.

दुसरा धडा बळकटीचा. नुसते मॅग्नेशियम स्क्रूसाठी मऊ आहे, आणि वाकवले तर त्याच्या स्फटिकांची रचना थरांना सर्व दिशांनी सहज सरकू देत नाही, त्यामुळे ते लवकर तडकते. उपाय म्हणून त्यात दुसरी मूलद्रव्ये मिसळतात आणि धातू तापवून साच्यातून दाबाने बाहेर काढतात. असे केल्याने स्फटिकांचे कण बारीक होतात, आणि कण जितके बारीक तितकी बळकटी जास्त व झिजही साधारणपणे अधिक समान. समान झिजणे हे बळकटीइतकेच महत्त्वाचे आहे. स्क्रूचा सगळा पृष्ठभाग सारखा पातळ होत गेला, तर त्याची ताकद किती उरली याचा हिशेब करता येतो. पण एकाच जागी खोल खड्डा पडला, तर बाकी धातू शाबूत असतानाही स्क्रू तिथे तुटतो. नौकेच्या ठोकळ्यावर पडतात तसले खड्डे हाडातल्या स्क्रूवर परवडत नाहीत.

काय मिसळायचे यावर मात्र अजून एकमत नाही. कारखान्यांत मॅग्नेशियमसोबत सर्रास वापरले जाणारे अ‍ॅल्युमिनियम बळकटी चांगली देते, पण मज्जासंस्थेवरच्या त्याच्या परिणामांची शंका असल्यामुळे शरीरात विरघळणाऱ्या वस्तूत ते शक्यतो टाळतात. यिट्रियम आणि निओडायमियमसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये झिज चांगली रोखतात. ‘डब्ल्यूई43’ हा मिश्रधातू याच घराण्यातला, सुमारे चार टक्के यिट्रियम आणि तीन टक्के इतर दुर्मिळ मृदा असलेला. पण ही मूलद्रव्ये शरीराच्या रोजच्या ओळखीची नाहीत आणि ती आसपासच्या हाडात दीर्घकाळ रेंगाळू शकतात. म्हणून दुसरा पंथ म्हणतो की फक्त जस्त आणि कॅल्शियम घालावे, तेही प्रत्येकी अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर, आणि उरलेले काम शुद्धतेवर व बारीक कणांवर सोडावे. माझा कल या दुसऱ्या पंथाकडे आहे: जो पदार्थ पूर्ण विरघळून अंगात जाणार आहे, त्यात अंगाला अनोळखी असे जितके कमी असेल तितके बरे.

प्रयोगशाळेत हे सगळे तपासायचे कसे, हा स्वतंत्र डोकेदुखीचा विषय आहे. मिश्रधातूचा तुकडा सलाइनमध्ये बुडवून रोज किती वायू निघतो हे मोजणे सोपे आहे, पण सलाइनमध्ये क्लोराइड लिटरला 154 मिलिमोल असते, म्हणजे रक्ताच्या दीडपट. आणि रक्तातले फॉस्फेट, बायकार्बोनेट व प्रथिने, जी धातूवर जपणूक करणारा थर बसवायला मदत करतात, ती सलाइनमध्ये नसतात. त्यामुळे बाटलीतला तुकडा शरीरातल्या तुकड्यापेक्षा सहसा कितीतरी पटींनी लवकर झिजतो. शरीरातही सगळीकडे वेग एक नसतो: हाडाच्या घट्ट कवचात रक्त कमी खेळते म्हणून झिज मंद, तर आतल्या मगजात तीच जलद. एकाच स्क्रूचे डोके, मधला भाग आणि टोक तीन वेगवेगळ्या परिसरांत असतात. तुकडा बाटलीत किती दिवस टिकला एवढ्यावर स्क्रूचे आयुष्य सांगणारी बातमी वाचली, तर ती थोडी बाजूला ठेवावी.

जस्ताची गोष्ट अधिक शांत आहे. ते मॅग्नेशियमपेक्षा बरेच सावकाश झिजते आणि शरीरात हायड्रोजनचा त्रास देत नाही, म्हणून रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या स्टेंटसाठी त्याकडे आशेने पाहिले जाते. पण शुद्ध जस्त फार कमकुवत असते, आणि झिजताना एका जागी जस्ताचे प्रमाण फार वाढले तर तिथल्या पेशींना ते बाधते.

लोखंडाची अडचण नेमकी उलटी आहे, आणि किनाऱ्यावरच्या वाचकाला ती पटायला जरा वेळ लागेल: शरीरात लोखंड पुरेसे गंजत नाही. गंजायला विरघळलेला ऑक्सिजन लागतो आणि तो ऊतींच्या आत हवेइतका मुबलक नसतो, त्यामुळे शुद्ध लोखंडाचा स्टेंट वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. शिवाय लोखंड चुंबकाला ओढले जाते, म्हणून एमआरआयच्या वेळी अडचण. मँगनीज भरपूर मिसळले की दोन्ही बाजूंनी फायदा होतो. झिज वाढते आणि मिश्रधातूची रचना बदलून तो चुंबकाला दाद देईनासा होतो. भारतात या वाटेवर हैदराबादची ‘एआरसीआय’ ही चूर्णधातुशास्त्राची संशोधन संस्था आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था यांनी मिळून काम केले आहे. 29 टक्क्यांहून अधिक मँगनीज असलेले लोखंडाचे विरघळणारे मिश्रधातू त्यांनी तयार केल्याचे 2020 मध्ये जाहीर झाले.

प्रत्यक्ष रुग्णांपर्यंत काय पोचले आहे? जर्मनीत तयार झालेल्या, दुर्मिळ मृदा असलेल्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला 2013 मध्ये युरोपात विक्रीची मान्यता मिळाली. दक्षिण कोरियात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि जस्ताच्या स्क्रूला 2015 मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2023 मध्ये फिनलंडच्या एका कंपनीच्या मॅग्नेशियम-जस्त-कॅल्शियम स्क्रूला घोट्याच्या मोडीसाठी परवानगी दिली. स्टेंटच्या बाबतीत मार्ग खडतर होता. मॅग्नेशियमच्या पहिल्या स्टेंटची 63 रुग्णांवरची चाचणी 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा स्टेंट काही महिन्यांतच विरघळला आणि रक्तवाहिनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण जास्त आढळले. झिज मंद करून आणि वर औषधाचा लेप देऊन केलेल्या नंतरच्या पिढीला युरोपात 2016 मध्ये मान्यता मिळाली.

या यादीत मांडीच्या हाडाची मोठी प्लेट किंवा रॉड नाही, हे लक्षात घ्यावे. उभे राहिल्यावर शरीराचा सगळा भार जिथे येतो, तिथे झिजत जाणाऱ्या धातूवर विसंबण्याइतका अनुभव अजून गाठीशी नाही, आणि जितका धातू जास्त तितका वायूही जास्त. ज्यांची मूत्रपिंडे नीट काम करत नाहीत, त्यांच्या बाबतीत मॅग्नेशियमचा निचरा हा वेगळा विचार करण्याचा मुद्दा आहे. आणि जिथे स्टीलची प्लेट आत राहिली तरी त्रास होणार नाही, तिथे केवळ नवे आहे म्हणून महागडा विरघळणारा स्क्रू घेण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. त्याची खरी जागा घोटा, पाऊल, मनगट इथल्या लहान मोडींत आणि मुलांच्या हाडांत आहे.

असा स्क्रू बसवलेल्या रुग्णाच्या पहिल्या काही महिन्यांच्या एक्स-रेत स्क्रूभोवती काळसर कडे दिसू शकते. ते पुष्कळदा निघणाऱ्या वायूचे आणि झिजेचे असते, पण माहिती नसलेल्या डोळ्यांना ते जंतुसंसर्गासारखे वाटू शकते आणि नको तो चिरा पडू शकतो. ऑपरेशन कोल्हापुरात आणि पुढची तपासणी कणकवलीत, असा प्रकार आपल्याकडे नेहमीचाच असल्यामुळे स्क्रू कोणत्या धातूचा आहे आणि कोणत्या तारखेला बसवला, हे रुग्णाच्या हाती दिलेल्या कागदावर ठळक लिहिलेले असायला हवे. तो कागद जपूनही ठेवायला हवा, कारण दोन-तीन वर्षांनी नवा डॉक्टर एक्स-रे वर धरील तेव्हा तिथे स्क्रू दिसणारच नाही.